रंग वाळायच्या आत

वैशाख लागला की आमच्या मावळात जागोजागी धूर दिसायला लागतो. शहरातल्या माणसाला वाटतं, डोंगराला वणवा लागला. वणवा नसतो, राब असतो. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरायच्या, वर मातीचा हात फिरवायचा आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, पुढे रोप तरारून येतं. हे काम मी लहानपणापासून करतो आणि त्या धुराचा वास मला फार आवडायचा. आता आवडत नाही असं नाही, पण नाकात शिरला की सगळ्यात आधी मला एक बोर्ड आठवतो, आणि बोर्ड आठवला की छातीत डावीकडे काहीतरी अडकल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात, गॅस आहे.

मी बोर्ड रंगवणारा माणूस. म्हणजे होतो. लोणावळ्यात चिक्कीची जितकी दुकानं, त्यातल्या निम्म्यांच्या पाट्या एके काळी आमच्या हातच्या होत्या. आमच्या म्हणजे किसनभाऊच्या आणि माझ्या. किसनभाऊ बेडशाचा, लेण्यांच्या पायथ्याचा, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. मी दहावीत गणितात गटांगळी खाऊन घरी बसलो होतो. बाप म्हणत होता, बैलामागे लाग, आणि मी कामशेतच्या बाजारात एका दुकानासमोर उभा राहून कानावर पेन्सिल खोचलेल्या एका माणसाला अक्षरं काढताना बघत होतो. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो मागे न बघताच म्हणाला, "उबा काय ऱ्हायलायस? डबा धर." मी डबा धरला. तो पुढे बावीस वर्षं धरला.

भाऊने मला काय काय शिकवलं ते सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. खडूची भुकटी लावलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधोमध उचलून सोडायचा, की पत्र्यावर फाट्कन सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं उभी करायची. रंग वाळला का ते बघायचं तर बोटाच्या मागच्या बाजूने, नखाच्या वरच्या कातडीने, हलकेच. बोटाचं टोक कधी टेकवायचं नाही, ठसा उमटतो. आणि काम पुरं झालं की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव घालायचं. सगळेच पेंटर घालतात, ती आमची जाहिरात. पण भाऊचं त्यातही एक होतं. तो म्हणायचा, "ज्या कामाशेजारी उबं ऱ्हायला लाज वाटनार न्हाई, त्याच्याखालीच नाव घाल, दत्ता. बाकीची कामं बिननावाची जाऊंदी."

बिननावाची आमची बरीच कामं गेली. एका बिल्डरने शेतं विकत घेऊन तिथे कसलीशी व्हॅली काढली, तिचा भलामोठा बोर्ड आम्ही रंगवला. त्याखाली भाऊने नाव घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, जागा उरली नाही. जागा हातभर होती.

एकदा कुरवंड्याला, नागफणीच्या वाटेवर, एका हॉटेलची भिंत रंगवत होतो. दुपारी बांबूच्या परांचीवर बसून भाकरी खाताना भाऊने त्याच्या वडिलांची गोष्ट सांगितली. धर्मांतर झालं तेव्हा भाऊ आईच्या कडेवर होता. त्याआधी त्याचे वडील गावकीचे निरोप घेऊन आसपासच्या गावांना जायचे. मयत झालं, लग्न ठरलं, सगळे निरोप. उन्हातान्हात चार कोस चालायचं आणि त्या गावच्या वेशीबाहेर उभं राहून हाक द्यायची. आतून कुणी आलं तर निरोप सांगायचा. नाही आलं तर उभं राहायचं. "आमच्या बाबाला उबं ऱ्हायची लय सवय," भाऊ हसत म्हणाला. "म्हनून तर मी बसून करायचं काम शिकलो." मीही हसलो. त्याच्या वडिलांनी हाक दिलेल्या वेशींत आमच्या गावाची वेस होती की नाही, हे मी विचारलं नाही. भाकरी संपली, आम्ही पुन्हा परांचीवर उभे राहिलो.

मग फ्लेक्स आला. एका रात्रीत आला म्हणतात तसा नाही आला, दोन-तीन वर्षं घेतली त्याने. आधी वाढदिवस गेले, मग निवडणुका, मग दुकानं. जो बोर्ड रंगवायला आम्हाला चार दिवस लागत, तो चहा पिऊन होईपर्यंत मशीनमधून बाहेर पडू लागला. भाऊ घरांना रंग द्यायला लागला. मी बैलामागे लागलो, बापाचं म्हणणं शेवटी खरं झालं. ब्रश रॉकेलने धुऊन, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले. कधी एखाद्या टेम्पोच्या मागे नाव टाकायचं, कधी कान्हे गावच्या शाळेच्या भिंतीवर सुविचार. भाऊची गाठ बाजारात पडे, किंवा तो फोन करे, आणि आम्ही फ्लेक्सवरच्या अक्षरांना शिव्या घालत असू. दोन म्हाताऱ्यांना एवढं सुख पुरतं.

आणि मग तो वैशाख आला. टाळेबंदीचा.

एक्स्प्रेस वेचा आवाज आमच्या इतका अंगवळणी पडलेला, की तो आहे हे तो थांबल्यावर कळलं. विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर पार माळापर्यंत ऐकू येई. करवंदं त्या वर्षी अमाप आली होती. एरवी हायवेला द्रोण मांडून बसणाऱ्या कातकरणी त्या वर्षी नव्हत्या, गाड्या नव्हत्या, करवंदं जाळीतच काळी होऊन जाळीखाली गळली. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांच्या बंद शटरांपुढे माकडं वाट बघत बसायची म्हणे. आणि आमच्या गावात, जिथे दार लावून घेतलं तर 'घरात काय सोनं पुरलंय का' असं विचारतात, तिथे माणसं दारं लावून बसली. शेजारच्या घरात कुणी शिंकलं की आमच्या घरात बोलणं थांबायचं.

आमचं गाव कार्ल्याच्या पुढे, कामशेतच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. मुंबईहून पायी निघालेली माणसं हायवेने जात होती, आणि त्यातलं कुणी गावात शिरलं तर काय, ही भीती सगळ्यांना. भीती खोटी नव्हती. मलाही होती, बायकोला दमा आहे. देवळापुढे हातहात अंतरावर बसून बैठक झाली. ठरलं की वेशीवर करवंदीचे काटे टाकायचे, बैलगाडी आडवी लावायची आणि पाळीपाळीने पहारा द्यायचा. मग सरपंच म्हणाले, "बोर्ड बी पायजे. पर फ्लेक्सवाला तर बंद हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता खरं सांगायचं तर सांगतो. लाज वाटते, पण लाज वाटते म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. त्या क्षणी मला आनंद झाला. जगात माणसं मरत होती, हायवेवर लेकरं अनवाणी चालत होती, आणि मला आनंद झाला, कारण कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्या ब्रशची आठवण काढली होती. घरी येऊन मी माळ्यावर चढलो तो उड्या मारतच. बायको म्हणाली, "लगीन निघालंय का कुनाचं?" लाल रंगाच्या डब्यावर जाड साय धरली होती. ती फोडली, खालचा रंग अजून जिवंत होता. गोठ्याच्या छपराचा एक सपाट पत्रा शिल्लक होता, तो घासून पांढरा केला. रेघ मारायला दोरा घेतला, आणि दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. त्या दिवसांत कुणाला घरात बोलवायचं? खिळा ठोकला आणि त्याला दोरा बांधला. रेघ आली, बरी आली.

दोन दिवस खपलो. 'गावबंदी' हा शब्द लाल, त्याला काळी सावली. खाली 'बाहेरील व्यक्तींना गावात येण्यास सक्त मनाई आहे', निळ्यात. त्याखाली 'समस्त ग्रामस्थ'. सक्त मनाईला कुणी सावली देतं का? मी दिली. हौसेला मोल नसतं. चार बाजूंनी नक्षीची किनार काढली, लग्नाच्या पत्रिकेला असते तशी. आणि सगळं झाल्यावर, सवयीने, काहीही मनात न आणता, उजव्या कोपऱ्यात काळ्या रंगात नाव घातलं. दत्ता पेंटर. जुना रंग लवकर वाळत नाही, बोर्ड अजून ओला होता, पण सरपंचांची घाई, माझी त्याहून. संध्याकाळी नेऊन वेशीवरच्या चिंचेला टांगला. पोरांनी फोटो काढले. आपल्या गावाचा बोर्ड आख्ख्या मावळात भारी, असा निरोप कुठल्याशा ग्रुपवर फिरला. मी तो चार वेळा वाचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राब भाजत होतो. वारा पडलेला, धूर सरळ वर चाललेला. वेशीवर माझा चुलतभाऊ पांडू पहाऱ्याला होता. काम आटोपून, तोंडावर काजळी तशीच, मी बोर्ड बघायला गेलो. बघायला म्हणजे कौतुकानेच. आणि बघतो तर माझ्या नावावर डाग. 'दत्ता' या शब्दावर कुणीतरी बोट दाबलेलं, काळा रंग चेपून बाजूला सरलेला, आणि मधे ठशाच्या रेघा स्पष्ट.

मी पांडूवर तडकलो. "कुनी बोट लावलं रं? ओला रंग दिसत न्हाई व्हय? नुसतं बसायला ठेवलंय का तुला हितं?"

"मी न्हाई लावलं," पांडू म्हणाला. "एक म्हातारा आलता. म्हनला, दत्ता पेंटरकडं जायाचंय. मी म्हनलं, आबा, बोर्ड वाचा, कुनालाच सोडायचं न्हाई. मंग वाचत बसला, लय येळ वाचला. म्हनला, दत्तानंच लिवलंय का? मी म्हनलं, व्हय, खाली नाव न्हाई का. तवा जवळ गेला, नावाव बोट ठिवलं."

"आन?"

"आन काय? हासला. म्हनला, अक्षर झकास हाय. आन गेला."

"कसा व्हता दिसायला?"

"म्हाताराच. तोंडाला रुमाल, पायाला फडकी बांधलेली. एकटाच." पांडूने जरा आठवलं. "कानावर पेन्सिल व्हती."

मुंबईहून चालत आलेल्या माणसाच्या कानावर पेन्सिल. अख्ख्या जगात असा एकच माणूस मला ठाऊक होता. नातवाला बघायला म्हणून भाऊ फेब्रुवारीत कुर्ल्याला मुलाकडे गेला होता आणि तिथेच अडकला होता. त्याची बायको, आमच्या सुमनवहिनी, बेडशात एकट्या. खंडाळ्याचा घाट चढून, दिवसचे दिवस चालून तो आमच्या फाट्यावर पोचला. पुढे बेडशापर्यंत अजून निम्म्या दिवसाची वाट. वाटेत आपल्या दत्ताचं घर आहे, घोटभर पाणी, घटकाभर सावली. असंच काहीतरी मनात धरून आत वळला असणार. आणि वेशीवर काय बघितलं? बाहेरच्या माणसाला मनाई, आणि खाली दत्ताची सही.

एवढं सगळं नंतर सुचलं. कुरवंड्याच्या परांचीवरची गोष्ट तर कितीतरी दिवसांनी आठवली, भात कापताना, हातात विळा असताना, आणि विळा तसाच राहिला. त्याच्या बापाला वेशीबाहेर उभं राहायची सवय होती. त्या सवयीतून लेकाला बाहेर काढायला किती जणांनी काय काय सोसलं असेल, आणि मी दोन-चार डबे रंगात त्याला पुन्हा तिथे उभा केला. वर सावली देऊन, किनार काढून. मी जात बघून बोर्ड लिहिला नव्हता, हे खरं आहे. रोगाला भिऊन लिहिला होता. पण लिहिताना तो कोण कोण वाचेल आणि कुणाला काय काय आठवेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वेशीच्या आत जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात ते येत नाही.

पण त्या दिवशी काय केलं, ते सांगायचं राहिलं. काहीच केलं नाही. तासाभरापूर्वी गेलेला माणूस, पायाला फडकी बांधलेली, कितीसा लांब गेला असेल? माझ्याकडे मोटरसायकल होती, टाकीत पेट्रोल होतं. मी घरी आलो, किल्ली हातात घेतली. मग वाटलं, हायवेला पोलीस आहेत. मग वाटलं, बायकोचा दमा. मग वाटलं, एवढ्यात पोचलाही असेल. फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला नाही. अंघोळ केली, काजळी गेली, जेवायला बसलो. बायकोने विचारलं, "गप का?" मी म्हणालो, "धूर लागलाय."

भाऊ बेडशाला पोचला, हे आठवड्याने कळलं. त्यांच्या गावानेही त्याला थेट घरी जाऊ दिलं नाही, शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवलं. पण तिथे वहिनी दोन्ही वेळा डबा आणून ओट्यावर ठेवत आणि लांब लिंबाखाली बसून तो जेवेपर्यंत बोलत. हे मला सांगितलं दूधवाल्या नामदेवने. तो त्या भागातून फिरायचा, आमच्या वेशीवर किटली ठेवायचा, आणि दुधाबरोबर बातम्या ओतायचा.

एकदा म्हणाला, "तुमचा किसनभाऊ शाळंची भिंत काळी करतोय."

शाळेमागेच राब भाजला होता. त्यातले जळलेल्या काटक्यांचे कोळसे भाऊ खिडकीतून पोरांकडून मागून घ्यायचा आणि खोलीच्या लांब भिंतीवर चित्रं काढायचा. माणसाएवढी. त्याच्याबरोबर चाललेली माणसं, एका रांगेत. डोक्यावर गॅसची शेगडी घेतलेली बाई. कुकरमध्ये पोराची खेळणी भरून नेणारा बाप. दोघांच्या मधे काठीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत एक म्हातारी. नामदेव म्हणाला, चेहरे जेमतेम, पण पाय असे काढलेत की टाचेची भेग मोजून घ्या. आणि सगळ्यांमधून एक दोरा गेलेला. प्रत्येकाच्या हातात तोच दोरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दोरा कशाचा म्हनं?" मी विचारलं.

"मला काय ठावं? तुमी पेंटर लोकं." मग किटली उचलताना म्हणाला, "आन तुमी बी हाय त्यात."

"मी?"

"शेवटाला. पाठमोरं. खाली बसून कायतरी रंगवतंय. तोंड न्हाई दिसत, पर डावा खांदा तुमच्यावानी खाली पडलेला, तवा तुमीच. दोरा तुमच्यापाशी येऊन थांबलाय."

"हातात हाय का?"

नामदेवने डोकं खाजवलं. "ते न्हाई बा बघितलं," म्हणाला आणि गेला.

दोरा माझ्या हातात होता की नव्हता? मी धरला होता, की तो माझ्यापर्यंत येऊन नुसताच लोंबत होता? एवढं जाऊन बघायचं होतं. बेडसं काही काशीला नाही. पण मी म्हणालो, आधी टाळेबंदी उठू दे. मग म्हणालो, आवणी होऊ दे, रोपं थांबत नाहीत. मग पाऊस. मग म्हणालो, भात कापून होऊ दे. कारणांचं पीक त्या वर्षी भातापेक्षा जोरात आलं. खरं कारण एकच, भिंतीवरचा मी कसा आहे ते बघायची माझी छाती नव्हती. नामदेवचं डोकं खाजवणं मला पुरे होतं, त्यात आशेला जागा होती.

दिवाळीच्या आधी कामशेतच्या बाजारात भाऊ समोर आला. दोघांच्या तोंडाला मास्क. त्याचे डोळे खोल गेले होते, कानावर पेन्सिल होती. मी नाव घेतलं, त्याने हात वर केला. गुडघ्यांविषयी बोललो. नातवाविषयी बोललो. माझ्या जिभेवर सगळं येऊन उभं राहिलं होतं, आणि मी विचारलं, "भाऊ, च्या घेनार का?" तो म्हणाला, तुझी वहिनी वाट बघत असेल. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "रंग वाळायच्या आत टांगलास बोर्ड. घाई केलीस, दत्ता."

मी म्हणालो, "व्हय, भाऊ."

तो मान हलवून गेला. मी तिथेच उभा राहिलो, पहिल्यांदा त्याला बघितलं होतं त्याच दुकानासमोर. मला वाटलं, एवढं बोलून त्याने सगळं मिटवलं. मग वाटलं, एवढं बोलून त्याने सगळं सांगितलं. अजून ठरत नाही.

पुढच्या चैत्रात भाऊ झोपेत गेला. मला कळलं ते दोन दिवसांनी. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मात्र गेलो. बैल गेला नि झोपा केला. दारात वहिनींनी हात जोडून जयभीम केला, मीही केला. त्यांनीच मला शाळेकडे नेलं. खोली उघडली. भिंत पांढरीशुभ्र. शाळा सुरू होणार म्हणून चुना मारला होता. पोरांच्या कपड्यांना कोळसा लागला असता, मारणाऱ्याची काय चूक? वहिनी भिंतीकडेने चालत गेल्या, एकेका जागेवर हात ठेवत. "हितं शेगडीवाली बाई. हितं झोळी. हितं कुकरवाला, त्याची पोर लय रडायची म्हनं." आणि शेवटी खिडकीपाशी थांबल्या, जमिनीपासून हातभर उंचीवर बोट टेकवलं. "हितं तुमी व्हता, भावजी."

"वहिनी, दोरा माझ्या हातात व्हता का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला न्हाई आठवत," म्हणाल्या. "तुमीच यायाचं व्हतं की बघाया."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बोर्ड गावबंदी उठल्यावर मी घरी आणला. फेकवेना, बघवेना. शेवटी गोठ्यात शेळ्या आणि गाय यांच्या मधे आडवा लावला, अक्षरं शेळ्यांकडे करून. त्या वाचत नाहीत. कितीदा वाटलं, नावावरचा तो डाग काळ्याच्या एका फटकाऱ्यात बुजवून टाकावा. ब्रश घेऊन गेलोही होतो. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, ध्यानात आलं. ज्या माणसाने मला बोटाच्या मागच्या बाजूने रंग बघायला शिकवलं, तो बोटाचं टोक टेकवेल? चुकून? तेही दाबून? रंग वाळला का, हे तो बघत नव्हताच. काय करत होता, ते मी सांगू शकत नाही. मी माझं बोट त्या ठशावर धरून बघितलं. माझं बोट त्यात हरवतं, त्याची बोटं रुंद होती. ब्रश तसाच कापडात गुंडाळला.

गेल्या आठवड्यात पुण्याहून एक मुलगी आली. ईशा नाव, माझ्या पुतणीची मैत्रीण. त्या दिवसांत माणसं कशी एकमेकांपासून तुटली आणि कशी धरून राहिली, यावर तिथल्या एका कलादालनात प्रदर्शन भरवतायत. चित्रं, फोटो, वापरातल्या वस्तू. कुणीतरी तिला त्या जुन्या ग्रुपवरचा फोटो दाखवला होता. गोठ्यात वाकून, शेळीला बाजूला सारून तिने बोर्ड बघितला. "काका, हे किती सुंदर आहे. आणि किती भयंकर आहे." शहाणी मुलगी आहे. मला हे कळायला वर्षं लागली.

बाहेर अंगणात बोर्ड धुऊन उन्हाला ठेवला. पलीकडे राबाचा धूर चढत होता. तिने वही काढली. "हा लिहिताना तुम्हाला काय वाटत होतं, काका?"

"आनंद झाला होता," मी म्हणालो.

तिला वाटलं, मला प्रश्न समजला नाही. तिने पुन्हा, जरा सावकाश विचारला. मी पुन्हा तेच सांगितलं, "लय आनंद झालता. लिही तसंच." मग बसवलं तिला, चहा ठेवायला सांगितला, आणि आजवर बायकोलाही धड न सांगितलेलं सगळं सांगितलं. दोरा, परांची, पांडू, पेन्सिल, किल्ली, भिंत. ती लिहिता लिहिता थांबली होती. चहावर साय आली.

बऱ्याच वेळाने ती बोर्डापाशी जाऊन उकिडवी बसली. आधी, सांगण्यापूर्वी, ती म्हणाली होती की इथे सहीजवळ थोडं खराब झालंय, आमच्याकडे दुरुस्त करणारी मुलं आहेत. आता ती तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "खाली नावाची पट्टी लावतो आम्ही. कलाकार म्हणून तुमचं नाव घालू ना?"

"दोन नावं घाल," मी म्हणालो. "पहिलं किसनभाऊचं. भिंत राहिली नाही, आता त्याच्या हातचं एवढंच आहे. माझं नाव त्याच्या बोटाखाली आहे, तसंच राहू दे."

तिने लिहून घेतलं. पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं. टेम्पो आला, बोर्ड गोधडीत गुंडाळून गेला. गोठ्यातला आडोसा निघाला तशा शेळ्या गाईच्या गव्हाणीत तोंड घालायला लागल्या, त्यांना हाकलण्यात संध्याकाळ गेली.

प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. सुमनवहिनींना फोन केला, येता का म्हणून. आधी तारीख विचारली. मग म्हणाल्या, "न्यायला या. फाट्यापर्यंत न्हाई, दारापर्यंत या." जाणार आहे. तिथे लोक येतील, बोर्ड वाचतील, सावली बघतील, किनार बघतील, वा म्हणतील. मी त्याच्या शेजारी उभा राहणार आहे, दिवसभर. भाऊने सांगितलं होतं ना, ज्या कामाशेजारी उभं राहायला लाज वाटणार नाही त्याच्याखालीच नाव घाल. लाज वाटणार आहे. उभा राहणार आहे.